जुन्या गाडीचें मोल

या पानावर आम्ही व्यवहाराच्या गोष्टी लिहूं लागलों म्हणजे आमचे एकदोन स्नेही नाक मुरडतात. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मास्तरानें शब्दांचीं रूपें चालवावीं, बाजाराच्या वाटेस कशाला जावें, असा त्यांचा आक्षेप. परंतु संसारांत डोळ्यांतून पाणी काढणारे प्रश्न बहुतेक व्यवहाराचेच असतात, आणि त्यांचा उलगडा करण्यास अंकगणित व थोडा प्रामाणिकपणा यांपलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं. यंदा, २०२६ च्या फाल्गुनांत, असाच एक प्रश्न आमच्या पुढ्यांत आला. तो होता एका दहा वर्षांच्या मालवाहू गाडीचा. जिला हल्लीं सगळे पिकअप म्हणतात, तिचा.

आमचे एक चुलतबंधु रत्नागिरी जिल्ह्यांत आंब्याची बाग राखून होते. २०१६ सालीं सात लक्ष रुपयांस त्यांनीं ही गाडी घेतली. हंगामांत हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारांत पोंचवायच्या आणि एरवीं गांवची किरकोळ वाहतूक करायची, असा तिचा क्रम. गेल्या भाद्रपदांत ते वारले. मागें राहिल्या वहिनी, बागेवरचें सोसायटीचें दोन लक्ष साठ हजारांचें कर्ज, आणि घरामागच्या मांडवांत उभी असलेली ती गाडी. गाडी विकून कर्ज वारावें व बाग तेवढी राखावी, हा वहिनींचा विचार योग्यच होता. पण विकायची कितीला ? गांवचा दलाल एक लक्ष ऐंशी हजारांच्या वर सरकेना. पुण्यास नोकरीस असलेला पुतण्या जाहिराती पाहून सव्वाचार लक्षांच्या खालीं उतरेना. शेवटीं वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आंकडा तुम्हीच सांगा, मी तो मानीन."

संस्कृतांत किंमतीला दोन शब्द आहेत : मूल्य व अर्घ. मूल म्हणजे मुद्दल, भांडवल. त्याच्याशीं नातें सांगणारें तें मूल्य. अर्घ म्हणजे बाजारांत येईल तो भाव. ज्याचा अर्घ मोठा तें महार्घ, आणि आपला 'महाग' हा शब्द त्याचेंच झिजलेलें रूप आहे. विकणाऱ्याची नजर आपण काय घातलें यावर खिळलेली असते. घेणाऱ्याची, आपल्या हातीं काय पडणार यावर. एक मूल्य पाहतो, दुसरा अर्घ पाहतो, आणि जुन्या वस्तूंच्या सौद्यांतले निम्मे तंटे या घोटाळ्यांतूनच उद्भवतात.

प्रथम आम्हीं वहीचे हिशेब पाहिले. विम्याच्या कोष्टकाप्रमाणें वाहनाची किंमत पहिल्या सहा महिन्यांतच शेंकडा ५ नें उतरते, आणि पांचव्या वर्षांत ती निम्मी धरतात. पांच वर्षांनंतर कोष्टक थांबतें. पुढें विमा कंपनी व मालक यांनीं परस्परसंमतीनें आंकडा ठरवावयाचा असतो. म्हणजे आम्हांस जेथें गरज, तेथेंच कोष्टकानें हात वर केले ! आयकराचा हिशेब आणखी मौजेचा. अशी गाडी स्वतःच्या धंद्यांत वापरली तर दरसाल शेंकडा १५ घट; तीच भाड्यानें चालविण्याचा धंदा असेल तर शेंकडा ३०; आणि ही घट दरवर्षीं उरलेल्या रकमेवर. सात लक्षांस दहा वर्षें पहिला दर लावला तर सुमारें १,३७,८०० उरतात; दुसरा लावला तर २०,००० सुद्धां उरत नाहींत. एकच गाडी, एकच वय, आणि किंमतींत जवळजवळ सातपट अंतर ! ते आंकडे कराच्या हिशेबासाठीं आहेत, बाजारासाठीं नव्हेत, हें यावरून उमजावें.

मग बाजार पाहिला. जाहिरातींत असते ती मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे; आणि दलाल सांगतो तो त्याचा स्वतःचा नफा वगळून. म्हणून तशीच, त्याच सुमाराच्या वयाची, कागदपत्रें चालू असलेली धडधाकट गाडी गेल्या वर्षभरांत ज्यांनीं प्रत्यक्ष पैसे मोजून घेतली, असे तिघेजण आम्हीं पंचक्रोशींत हिंडून शोधून काढले. एकानें ३,३०,००० दिले होते, दुसऱ्यानें ३,५०,०००, तिसऱ्यानें ३,७०,०००. तिसरा सौदा मात्र २०२५ च्या उन्हाळ्यांतला. त्या वर्षीं २२ सप्टेंबरपासून नव्या मालवाहू गाड्यांवरील वस्तु व सेवा कर शेंकडा २८ चा १८ झाला. जी गाडी १२८ ला पडत होती ती ११८ ला पडूं लागली, म्हणजे शेंकडा आठाच्या आसपास उतरली. नवी स्वस्त झाली कीं जुनीसही खालीं यावें लागतें. म्हणून तो आंकडा आम्हीं त्या मानानें उतरवून ३,४१,००० धरला. तिघांची सरासरी ३,४०,००० आली. ही झाली निरोगी गाडीची किंमत.

आतां आमची गाडी. गांवच्या मिस्त्रीला बरोबर घेऊन एक सबंध सकाळ आम्ही तिच्याभोंवतीं घालविली. किलोमीटरचा आंकडा फिरवितां येतो, म्हणून तो गॅरेजच्या जुन्या पावत्यांशीं ताडून पाहिला, जुळला. इंजिन गार असतांना सुरू करून धूर पाहिला. निळसर धूर म्हणजे आंत ऑइल जळत आहे, सतत काळा धूर म्हणजे डिझेल पुरें जळत नाहीं. आमच्या गाडीचा धूर स्वच्छ होता. मागें जादा पाटे बसविलेले नव्हते, यावरून भार बेताचाच वाहिला असावा. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या दोन टायरांवर २३१९ निघालें, म्हणजे ते २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांतले, आणि झिजून गुळगुळीत झालेले. खाऱ्या वाऱ्यानें हौद्याचा तळ दोन ठिकाणीं गंजलेला. क्लचप्लेट संपत आलेली. आठ वर्षांनंतर अशा गाडीचें पासिंग दरवर्षीं करावें लागतें. तें आणि विमा, दोन्ही पुढच्या महिन्यांत संपणार. म्हणून वजावट अशी केली : टायर १३,०००, क्लचप्लेट १२,०००, हौद्याचा पत्रा १५,०००, पासिंग व विमा २५,०००. एकूण ६५,०००. उरले २,७५,०००.

पुतण्या म्हणाला, "काका, बाबांनीं दोन वर्षांपूर्वीं इंजिनावर सत्तर हजार घातले, ते कुठे गेले ?" प्रश्न दुःखांतून आलेला होता, म्हणून उत्तर सावकाश दिलें. ते सत्तर हजार किंमतींत मिळवावयाचे नसतात. इंजिन नीट असल्यामुळें त्याची वजावट आम्हांस करावी लागली नाहीं, हाच त्यांचा मोबदला. गाडीवर घातलेला पैसा गाडीनें बहुतांशीं कामांतून फेडलेला असतो. विकतांना मोजावयाचें तें उरलेलें काम.

म्हणून शेवटचा पडताळा घेणाऱ्याच्या पाटावर बसून करावा. मोडीच्या बाबतींत २०२१ च्या सरकारी धोरणांत नव्या गाडीच्या किंमतीच्या शेंकडा ४ ते ६ असा अंदाज दिला आहे. नवी गाडी नऊ लक्षांची धरली तर ३६,००० ते ५४,०००, मध्यम ४५,०००. या तळाखालीं कोणीही विकूं नये. आतां घेणारा २,७५,००० देणार, वर ६५,००० खर्चणार, एकूण ३,४०,०००. पांच वर्षें चालवून मोडीचे ४५,००० आले तर त्यास २,९५,००० कामांतून काढावे लागतील. म्हणजे महिन्यास सुमारें ४,९००. डिझेल, दुरुस्ती व स्वतःची मजुरी वजा जातां गाडी एवढें मागें टाकूं शकेल काय ? शकत असेल तर भाव वाजवी; नसेल तर आपला हिशेब कोठें तरी चुकला आहे.

हिशेब जुळला, वहिनींचें कर्ज फिटून वर पंधरा हजार उरत होते, आणि आम्ही कागद घडी घालणार तोंच मिस्त्रीनें गाडीखालून हांक मारली. गाडीचा जो लोखंडी सांगाडा असतो, ज्यास ही मंडळी चासी म्हणतात, त्यास उजव्या बाजूस जोड दिलेला होता. २०२१ च्या पावसाळ्यांत गाडी घळींत उतरली होती, तेव्हांचा. काम नीट केलेलें होतें, वरून काळा रंग होता. हातोडी वाजवून पाहिली नसती तर कळलेंही नसतें. मिस्त्री म्हणाला, बेतानें भरली तर गाडी चालेल, पण जाणता माणूस तीस हजार कमीच देईल.

पुतण्या हळूच म्हणाला, "काका, हें कोणाला दिसणार नाहीं." आम्ही गप्प राहिलों. खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं आमच्याही डोळ्यांपुढें सोसायटीचा आंकडाच होता. २,७५,००० चे २,४५,००० झाले कीं कर्जास पंधरा हजार कमी पडत होते. तेवढ्यांत ओटीवरून वहिनी म्हणाल्या, "रात्रीं घाटांतून पेट्या नेणारा कुणाचा तरी मुलगाच असेल ना, भावोजी ? लिहा तें कागदावर." आम्हीं लिहिलें. त्या वाक्यावर आमच्या अंकगणिताची मात्रा चालली नाहीं, आणि चालूं नये हेंच बरें.

गाडी घेतली ती शेजारच्या गांवच्या एका तरुणानें. तो भाड्याच्या गाडीनें भाजी व आंबा नेत असे. आम्हीं सगळी वजावट लिहिलेला कागद जोडासकट त्याच्या हातीं दिला. तो आपला मिस्त्री घेऊन आला, कागद व गाडी ताडून पाहिली, आणि संवयीनें पांच हजार कमी करा म्हणाला. वहिनींनीं कागदाकडे बोट दाखविलें. तो हंसला व २,४५,००० स कबूल झाला.

पैसे हातीं पडले म्हणजे व्यवहार संपला असें मात्र कोणी समजूं नये. येथें आम्ही स्वतःचा मूर्खपणा सांगतों. कित्येक वर्षांपूर्वीं आम्हीं आपली स्कूटर विकली आणि कोऱ्या अर्जांवर सह्या करून ते दलालाच्या हातीं दिले. नांव बदललें किंवा कसें हें पाहिलें नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं अपघाताच्या दाव्याची नोटीस आमच्या दारीं आली. स्कूटर तिसऱ्याच माणसाच्या ताब्यांत, पण पुस्तकांत मालक आम्हीच! दोन वर्षें तारखांना खेटे घातले. मोटार वाहन कायद्यांत नोंद ज्याच्या नांवावर तो मालक, आणि नोंद न बदलतां गाडी विकली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच राहते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे.

तेव्हां क्रम ध्यानांत ठेवावा. मालक वारला असेल तर वारसानें तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावें व तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नांवावर करून घ्यावी, मगच विकावी. हें काम आमच्या पुतण्यानें मुदतींत केलें होतें, तें त्याच्या पदरीं घातलेंच पाहिजे. विक्री झाल्यावर नमुना २९ व ३० भरावे. एकाच राज्यांत सौदा असेल तर विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत कळवावयाचें असतें. गाडीवर कर्ज असेल तर तें फिटल्याचा दाखला व नमुना ३५ लागतो. थकलेली ई-चलनें आधींच भरून टाकावीं. कोऱ्या कागदावर सही कोणासही देऊं नये, मग तो कितीही गोड बोलो.

असो. कर्जाचे उरलेले पंधरा हजार वहिनींनीं चैत्रांतल्या पहिल्या पेट्यांच्या पैशांतून भरले. त्या पेट्या वाशीस गेल्या त्याच गाडींतून. आतां वहिनी त्या तरुणास भाडें देतात. परवां त्यांचें पत्र आलें. गाडीच्या मागें नवे टायर आहेत, हौद्याचा पत्रा बदलला आहे, आणि तो मुलगा पेट्या मोजूनच भरतो, बेताच्या बाहेर एकही घेत नाहीं, असें त्यांनीं मुद्दाम लिहिलें आहे.