बेस वाढवून दणका येत नाही

लग्नसराईत नवापूरपासून धडगावपर्यंत कुठल्याही वरातीमागे उभे राहा, दोन वाक्यं कानावर पडणारच. म्हातारी माणसं म्हणतात, छातीत धडधडतं. पोरं म्हणतात, बेस वाढव. टिमली-रोडालीची गाणी घरच्या कॉम्प्युटरवर बनवणारी आमच्याकडची मंडळी अर्थातच पोरांचं ऐकतात. त्यांचं म्हणणं असं : हे गाणं हेडफोनसाठी नाही, गाडीवर रचलेल्या बॉक्सांसाठी आहे. तिथे बारकावे कोण ऐकतो? किक चढवा, बेस चढवा, वर लिमिटर लावा, झालं.

हे म्हणणं अडाणीपणाचं नाही. नाचणाऱ्याला ठोका पायाखाली लागतो आणि तो खालच्या सुरांतूनच मिळतो, हे कबूल. पण आवाजाची पट्टी वर नेली की ठोका जोरात लागतो, हे मात्र साफ खोटं आहे.

कॉम्प्युटरच्या फाइलला छत असतं, शून्य डेसिबलचं. सारख्याच जोराची किक आणि बेस एका क्षणी एका दिशेने आले तर बेरीज ६ डेसिबलपर्यंत वर जाते. लिमिटर ती दाबतो, आणि सगळ्यात आधी चेपलं जातं ते किकचं टोक. नाचणाऱ्याला हवं होतं नेमकं तेच. उरते ती घरघर. मग ऑपरेटर अ‍ॅम्प्लीचं बटण फिरवतो. पण कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. गाडीवरचा जनरेटर ते कुठून आणणार?

दुसरा घोळ सुरांचा. किक पांढरी पाचला, ४९ हर्ट्झवर, लांबवलेली आणि बेस पांढरी सहाला, ५५ वर, धरलेला असेल तर दोन्ही मिळून सेकंदाला सहा वेळा फुगतात आणि ओसरतात. लोक म्हणतात, गाडीचे बेस फाटलेत. बिचाऱ्या ऑपरेटरला शिव्या बसतात, खोट मात्र फाइलमध्येच असते.

ही खोट फाइल बनवणाऱ्याला का कळत नाही? कारण तो दहा बाय दहाच्या स्लॅबच्या खोलीत बसलेला असतो. अशा खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लाट घुमते. खुर्ची मधोमध असेल तर तो सूर जवळजवळ गायब, भिंतीला टेकली तर दुप्पट. मधोमध बसलेला माणूस बेस वाढवत जातो आणि मैदानात, जिथे भिंतीच नाहीत, चिखल होतो.

आता दुसऱ्या बाजूचे शहाणे. ते म्हणतात, किक-बेसच्या टकरीवर साइडचेन हा उपाय आहे : किक पडली की कंप्रेसर बेसला खाली दाबतो, किक गेली की सोडतो. उपाय खरा आहे, पण तो हाऊस संगीताच्या घरचा. मिनिटाला १२५ ठोक्यांच्या लयीत दोन किकमध्ये ४८० मिलिसेकंद मिळतात. दबलेला बेस निवांत वर येतो. आपल्या चालीत ढोलाचे ठोके मागे-पुढे, दाट पडतात. दोन ठोक्यांत दोनशे मिलिसेकंद असतील आणि कंप्रेसर बेस सोडायला अडीचशे घेत असेल, तर बेस कधी उठतच नाही. व्हिडिओत पाहिलेला आकडा जसाच्या तसा उचलणं ही नक्कल झाली, मिक्सिंग नव्हे.

मग करायचं काय? अक्कलकुवा तालुक्यात काठी गावच्या होळीला रात्रभर मोठमोठे ढोल वाजतात. एखाद्या ढोलाजवळ जाऊन ऐका. काठी पडताच आधी कातड्याचा कडक आवाज येतो, मागून घुमारा, आणि तो पुढच्या ठोक्याला जागा देऊन विरतो. किकही अशीच बांधावी : टोक टणक, घुमारा आखूड. बेसचा सूर किकच्या क्षणभर मागून सुरू करावा आणि पुढच्या किकच्या आधी तोडावा. साइडचेनवर टाकलेलं निम्मं काम सुरांची लांबी हाताने कापूनच होतं. तळ कोणाचा, हेही आधी ठरवावं. किक पन्नासवर बसवली तर बेस शंभराच्या आसपास खेळवा. बेसला तळ द्यायचा तर किक आखूड करून थोडी वर घ्या. रोलँडच्या ८०८ मशीनची लांबवलेली किक वापरली, तर तीच बेस आहे. तिच्याखाली दुसरा बेस कशाला? आणि ५५ च्या सुराला थोडं सॅच्युरेशन दिलं की ११० आणि १६५ चे वरचे सूर उमटतात. मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधून खालचा सूर येत नाही, पण या दोन्हींवरून कान तो भरून काढतो.

राहिली म्हाताऱ्यांची तक्रार. ‘मीटरमध्ये बसतंय’ हे उत्तर त्यांना देऊ नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ज्या ‘ए’ मापाने मोजतात ते ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरतं. काट्यावर दिसतं त्याहून छातीला जास्तच लागतं. त्यांचं खरं आहे.

तेव्हा पुढच्या लग्नसराईचं गाणं बांधताना बेसची पट्टी वर नेण्याआधी त्याची शेपटी कापून पाहा, खुर्ची खोलीच्या मधून हलवा, आणि गाडीवर चढवण्याआधी तेच गाणं मोबाइलवर ऐका. तिथे ठोका कळला नाही, तर परत बसा.