पुरवण्या दोऱ्यानेच बांधा

माझा भाचा गणितात संशोधन करतो. लाटेकमधल्या त्याच्या शोधनिबंधात प्रस्तावना, सिद्धता, निष्कर्ष, प्रत्येकाची फाईल वेगळी. मुख्य फाईलमध्ये 'इनपुट' ही आज्ञा दिली की छापताना सगळ्या आपोआप जोडल्या जातात. तरी एका नियतकालिकाचा हट्ट, सगळे एकाच फाईलमध्ये चिकटवून पाठवा!

का म्हणून? नांदुऱ्यात काय किंवा मुंबईत काय, बोर्डाच्या परीक्षेत पोरं पुरवण्या घेतात आणि दोऱ्याने बांधतात. सगळे मूळ उत्तरपत्रिकेत पुन्हा उतरवा, असे कोणी म्हणते का? उतरवताना ओळ गळते. चिकटवतानाही गळते, आणि गणितात एक चिन्ह गळले की सिद्धता कोसळली. शिवाय पुढची दुरुस्ती कुठे करायची, सुट्या फाईलमध्ये की चिकटवलेल्या?

त्यांच्या यंत्रणेला एकच फाईल लागते, मान्य. मग 'लाटेक्सपँड'सारखे फुकट साधन त्यांनीच चालवावे. १९९१ साली सुरू झालेले 'अर्काइव्ह' तर सुट्या फायलींचे गाठोडे जसेच्या तसे घेते.

यंत्राचे काम माणसाच्या गळ्यात कशाला? तोवर पोरांनो, हाताने चिकटवू नका. साधनाने जोडा, आणि सुट्या फायलीच मूळ प्रत म्हणून जपा.