चार शून्यांवरचा विश्वास

पूर्व उत्तर प्रदेशातील एका गावी बँक मित्राच्या खोलीत मी काही वेळ बसलो होतो. मेजावर टॅबलेट, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि पावत्या छापणारा छोटा प्रिंटर. मध्येच प्रिंटरची टॅबलेटशी जोडणी तुटली. त्या तरुणाने प्रिंटर उलटा केला, पाठीवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेला पिन पाहिला आणि टॅबलेटवर टाकला: चार शून्ये. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटला. त्याने तो न वाचताच होकार दिला. पेन्शनसाठी ताटकळलेल्या आजींचे काम पुढे सरकले.

मी त्याला दोष देणार नाही. रिझर्व्ह बँकेने २००६ साली बँकांना असे प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली, तेव्हापासून ग्रामीण बँकव्यवहाराचा मोठा भार याच खांद्यांवर आहे. प्रश्न आहे तो त्या होकाराचा.

ब्लूटूथच्या जोडणीत दोन उपकरणे एक गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढचे सारे संभाषण तिच्या आधारे कुलूपबंद होते. जुन्या पद्धतीत ही किल्ली पिनवर बेतलेली असे. चार आकडी पिनच्या शक्यता अवघ्या १०,०००. पिन चार शून्येच असेल, तर जोडणीच्या क्षणी कान देऊन बसलेल्याला तेवढेही कष्ट नाहीत. २००७ साली नवी पद्धत आली. तिच्या सर्वांत भरवशाच्या प्रकारांपैकी एकात दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दिसतात आणि ते जुळतात की नाही, हे माणसाने पाहायचे असते. ते जुळले, म्हणजे मध्ये तिसरा कोणी नाही. पण ज्याला पडदाच नाही, अशा स्वस्त उपकरणाशी बहुधा ही तुलना वगळूनच जोडणी होते. पाकीट मोहोरबंद असते; ते कोणाच्या हाती दिले, हे मात्र कोणी पाहिलेले नसते.

ब्लूटूथचा पल्ला सहसा दहा-बारा मीटरचा, मग खेड्यात कान द्यायला कोण येणार, असे एका अधिकाऱ्याने मला विचारले होते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेला एक दोष पाहा. जवळपासचे उपकरण कीबोर्ड असल्याची बतावणी करून, वापरणाऱ्याचा होकार न घेताच अँड्रॉइड टॅबलेटशी जोडले जाऊ शकत होते आणि त्यावर हवे ते टंकू शकत होते. त्यासाठी ब्लूटूथ सुरू असणे पुरेसे होते. अँड्रॉइड ११ आणि त्यापुढील आवृत्त्यांसाठी दुरुस्ती निघाली. दहा व त्याआधीच्या आवृत्त्यांना ती मिळालीच नाही. हरियाणाने २०२२ साली दहावी ते बारावीच्या सुमारे ५ लाख विद्यार्थ्यांना टॅबलेट देण्याची योजना सुरू केली. इतर राज्यांतही अशा योजना आहेत. वर्गात किंवा बाजारपेठेत दहा मीटरांच्या आत किती अनोळखी उपकरणे असतात, याचा हिशेब कोणी केला आहे काय?

मनात आणले तर आपल्या व्यवस्थेला हे जमते. आधारसाठी वापरायच्या ठसायंत्रांना नोंदणी सक्तीची केली गेली. ठसा सांकेतिक रूपात गेल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून वाटेतल्या तारेवर वा लहरींवर विसंबावे लागत नाही. हीच शिस्त टॅबलेट आणि प्रिंटरच्या खरेदीत का नसावी? निविदेत ब्लूटूथची आवृत्ती लिहिली की काम झाले, असा समज दिसतो. आवृत्ती पाच असली तरी जोडणी तपासणीविना होऊ शकते. निविदेने विचारायला हवे ते असे: जोडणी कोणत्या पद्धतीने होईल, प्रत्येक प्रिंटरचा पिन वेगळा असेल काय, सुरक्षा दुरुस्त्या किती वर्षे मिळतील. आणि टॅबलेट हाती देण्यापूर्वी त्याची भाषा तरी वापरणाऱ्याची करून द्यावी. ही सोय त्यात असतेच, फक्त कोणी करत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चार शून्यांचा पिन वाजवी सुरक्षेत बसतो, असे कोणता वकील म्हणेल, हे मला पाहायचे आहे.

निघताना मी त्या तरुणाला विचारले, हा पिन बदलता येत नाही का?

“येत असेल, साहेब,” तो म्हणाला, “पण बदलला, तर दुरुस्तीला येणारा माणूस चिडतो.”