ध्वजवंदनानंतर

ऑगस्टची १५ तारीख उगवते आणि आमच्या शहराचे रूप एका रात्रीत पालटते. गच्च्यांवर, सज्जांत, वाहनांवर तिरंगी ध्वज फडफडू लागतात. वसाहतींच्या पटांगणांत राष्ट्रगीताचे सूर उमटतात आणि मान आपोआप ताठ होते. परंतु १६ तारखेस त्याच रस्त्यांनी जाणाऱ्यास निराळे दृश्य दिसते. पावसात भिजलेले कागदी झेंडे गटारांच्या कडेला पडलेले असतात आणि सफाई कामगार ते वेचीत असतो. आदल्या दिवशी ध्वजास वंदन करणाऱ्यांपैकी किती जणांनी या माणसाचे नाव तरी कधी विचारले असेल?

प्रतीकांस तुच्छ लेखावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. राष्ट्र ही डोळ्यांना न दिसणारी वस्तू आहे. तिला रूप द्यावयाचे तर ध्वज हवा, गीत हवे. १९२३ साली नागपुरात साहेबांच्या वस्तीतून राष्ट्रीय झेंडा मिरवीत नेण्यास सरकारने बंदी केली, तेव्हा जमनालाल बजाज यांच्यासह शेकडो सत्याग्रहींनी तुरुंग पत्करला आणि पुढे वल्लभभाई पटेलांनी त्या लढ्याची सूत्रे हाती घेतली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर शिरीषकुमार हा शाळकरी मुलगा आपल्या सोबत्यांसह गोळ्यांस बळी पडला, तोही झेंडा घेऊन निघालेल्या मिरवणुकीतच. त्या काळी झेंडा हाती धरण्याचे मोल तुरुंग होते, प्रसंगी प्राण होते.

२०२२ साली ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत राष्ट्रध्वज टपाल कचेरीत २५ रुपयांस मिळाला. याचे आम्हांस दुःख नाही. तो कोणासही निर्भयपणे लावता यावा, यासाठीच तर तो लढा होता. प्रश्न इतकाच की, जे मोल पूर्वी ध्वज धरताना द्यावे लागे, ते आता आपण कोठे देतो? प्रतीक हे हुंडीसारखे असते. हुंडीवरील अक्षर कितीही सुबक असले, तरी पेढीत रोकड नसेल तर तिची किंमत कागदाइतकीच.

खुद्द ध्वजाच्या वस्त्राचेच उदाहरण घ्या. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने पंडित नेहरूंनी मांडलेला ध्वजाचा ठराव स्वीकारला. भारतीय मानकांच्या सूचीत पहिला क्रमांक सुती खादीच्या राष्ट्रध्वजास मिळाला, यावरून त्या वस्त्रास काय महत्त्व होते हे ध्यानी यावे. खादीचा आग्रह सुताच्या हौसेपायी नव्हता. सूत कातणाऱ्या खेड्यातील स्त्रीच्या घरी चूल पेटावी, हा त्यामागील हेतू होता. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार झालेल्या आणि पॉलिएस्टरच्याही ध्वजास मुभा मिळाली. कोट्यवधी घरांस एकाच वेळी ध्वज पुरविणे हातमागास शक्य नव्हते, हे मान्य केले पाहिजे. परंतु हुबळीतील बेंगेरी येथे मानकाबरहुकूम ध्वज तयार करणाऱ्या खादी संघाने २०२२ साली या निर्णयाचा जाहीर निषेध केला, तेव्हा ध्वज उभारण्यात गढलेल्या आम्हां शहरवासीयांना तो ऐकू तरी आला काय? ध्वज घरोघर पोहोचला. ज्या हातांसाठी तो खादीचा होता, त्या हातांची आठवण मात्र मागे राहिली.

संविधानकर्त्यांच्या पश्चात, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, नागरिकांची मूलभूत कर्तव्ये अनुच्छेद ५१-क मध्ये नमूद झाली. त्यांतील पहिल्याच कलमाचा क्रम लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. प्रथम संविधानाचे पालन, नंतर त्याच्या आदर्शांचा व संस्थांचा आदर, आणि त्यानंतर ध्वज व राष्ट्रगीत. आपण हा क्रम उलटा केला आहे. ध्वज किंचित कलला तर आपण संतापतो. पण २०१३ चा कायदा असतानाही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतात, तेव्हा वृत्तपत्रातील ती चार ओळींची बातमी ओलांडून आपण पुढच्या पानाकडे वळतो. व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे आश्वासन त्याच संविधानाच्या उद्देशिकेत आहे. त्याचा भंग हा राष्ट्राचा अवमान नव्हे काय?

दृश्य आदराची सक्ती केल्याने खरा आदर उपजत नाही, हेही अनुभवाने ठरले आहे. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत अनिवार्य केले आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ती सक्ती स्वतःच मागे घेतली. त्यापूर्वी १९८६ साली याच न्यायालयाने केरळातील तीन शाळकरी मुलांना न्याय दिला होता. धर्मश्रद्धेमुळे ती मुले राष्ट्रगीत गात नसत, पण त्या वेळी आदराने उभी राहत. शाळेने त्यांना काढून टाकले. न्यायालयाने परत घेण्यास सांगितले. गीताचा स्वर त्यांच्या मुखात नव्हता. परंतु ज्या स्वातंत्र्याचे ते गीत आहे, त्याचे रक्षण त्या निकालाने झाले.

प्रस्तुत लेखक काही वर्षे शाळेत शिकवीत असे. ध्वजवंदनाच्या दिवशी पहाटे पटांगण झाडून, ध्वजात फुलांच्या पाकळ्या घालून दोरीची गाठ बांधणारा शिपाई, समारंभ सुरू होताच फाटकाबाहेर उभा राही. पाहुण्यांच्या भाषणात देशासाठी झिजणाऱ्यांचा गौरव होई. त्या शिपायाला आत बोलवावे, हे आम्हां शिक्षकांपैकी कोणासही कधी सुचले नाही. तो दोष आमचा होता, आणि आज त्याची लाज वाटते.

म्हणून पुढील ध्वजवंदनास वाचकांनी जरूर जावे, मान ताठ ठेवावी आणि राष्ट्रगीत मनापासून म्हणावे. मात्र घरी परतण्यापूर्वी दोरीची गाठ कोणी बांधली, पटांगण कोणी झाडले आणि त्याला त्याचे वेतन वेळेवर मिळते की नाही, एवढी चौकशी करावी. ध्वजास दिलेली मानवंदना खरी की खोटी, याची परीक्षा तेथेच होईल.