ओसरीवरची परदेशी नोकरी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा आर्थिक इतिहास लिहावयाचा झाला तर तो मोठ्या प्रमाणावर बाहेरगावी गेलेल्या माणसांचा इतिहास ठरेल. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील तरुण मुंबईच्या गिरण्यांत शिरले. जावळी-पाटणच्या मंडळींनी तेथील बाजारपेठांत ओझी वाहिली. विटा-खानापूरचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याचे कसब घेऊन केरळ-तामिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरले. या सर्वांत एक गोष्ट समान होती. माणूस जात असे आणि मनिऑर्डर येत असे. आता हा क्रम काही घरांपुरता का होईना, उलटला आहे. माणूस गावीच राहतो आणि काम त्याच्याकडे येते. तेही मुंबईहून नव्हे, तर लंडन, बर्लिन वा न्यूयॉर्कहून.

हे एकाएकी घडलेले नाही. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बंगळूरला केंद्र उघडले आणि उपग्रहाच्या दुव्यावरून येथील अभियंत्यांचे काम परदेशी जाऊ लागले, तेव्हाच श्रम आणि श्रमिक यांची फारकत शक्य आहे हे सिद्ध झाले होते. परंतु त्यासाठी मोठी कंपनी, मोठे भांडवल आणि सरकारी परवानग्या लागत. त्यामुळे सांगलीचे १९४७ चे वालचंद महाविद्यालय असो की कराडचे १९६० चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, तेथील पदवीधराची वाट पुण्या-बंगळूरकडेच जात राहिली. मार्च २०२० च्या टाळेबंदीने त्यातील कित्येकांना गावी परत आणले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने दूरसंचार नियम शिथिल करून घरून काम करण्यातील अडसर दूर केले. पुण्यातील माणूस तासगावातून तेच काम तितक्याच चोखपणे करतो, हे परदेशी कंपन्यांना दिसले. मग पुढचा प्रश्न त्यांना सुचणे साहजिकच होते : मध्ये भारतीय कंपनी तरी कशाला हवी?

या नोकरीचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. पुण्याचे घरभाडे वाचते, मिळकत तालुक्याच्या गावी खर्च होते, वृद्ध आईवडिलांजवळ राहता येते. लग्नानंतर सासरच्या गावी येऊन जिची पदवी कपाटात पडली असती, अशा अभियंता मुलीला तर ही संधी विशेष मोलाची आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा कराडला संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. स्वयंपाकाच्या वेळी कचेरी सुरू होते आणि मध्यरात्रीनंतर संपते, ही अडचण घरोघरी आपापल्या परीने सोडविली जाते अथवा सोडविली जात नाही.

खरा प्रश्न निराळाच आहे. हा माणूस कायद्याच्या दृष्टीने कोण? परदेशी मालकाची भारतात कचेरी नसेल तर बहुधा तो त्याच्याशी नोकरीचा करार करीत नाही. 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणून करार करतो. कामाचे तास मालक ठरवितो, रजा मालक मंजूर करतो, रोजचा हिशेब वरिष्ठाला द्यावा लागतो. म्हणजे चाकरीची सर्व लक्षणे हजर, फक्त नाव गैरहजर. या एका नावाबरोबर मालकाची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी जाते, उपदान जाते, सव्वीस आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा जाते. जुलै २०२१ मध्ये कृष्णेला महापूर आला. अशा पुरात सांगलीची वीज गेली तर पगारी नोकराची रजा मांडली जाते, कंत्राटदाराचा मात्र मेहनताना बुडू शकतो. आणि एके दिवशी संगणकावर चार ओळींचा निरोप येऊन काम संपले, तर दाद कोठे मागावयाची? करारात बहुधा परदेशी कायदा आणि परदेशी न्यायपीठ लिहिलेले असते. समजा, येथील न्यायालयाने कराराच्या नावामागचे वास्तव पाहून निकाल दिलाच, तरी ज्याची या देशात कचेरी नाही की मालमत्ता नाही, अशा मालकाकडून वसुली करणार कशी?

देशातील चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. सामाजिक सुरक्षा संहितेने प्रथमच रूढ मालक-नोकर संबंधाबाहेरच्या कामगारांची दखल घेतली, हे स्वागतार्ह आहे. परंतु तेथे अंशदानाचा भार प्रामुख्याने देशात व्यवसाय करणाऱ्या प्रवासी वाहतूक, घरपोच वितरण अशा मध्यस्थ कंपन्यांवर टाकलेला आहे. साताऱ्यातून शिकागोच्या कंपनीचे हिशेब लिहिणारा त्या चौकटीत बसत नाही. जर्मनी, फ्रान्स, जपान आदी देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. तेही मुख्यतः सीमा ओलांडून जाणाऱ्या नोकरासाठी आहेत. जो घरीच बसून सीमा ओलांडतो, त्याचा विचार करार लिहिताना कोणी केलेला नव्हता.

करखात्याला मात्र हा माणूस पुरता ओळखीचा आहे. भारतात राहून केलेल्या कामाचा मोबदला येथेच करपात्र ठरतो. परदेशी मालक कर कापून घेत नसल्याने जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार हप्त्यांत आगाऊ कर स्वतःच भरावा लागतो. सेवेची उलाढाल वीस लाखांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी आली. निर्यातीवर करदर शून्य असला तरी हमीपत्र आणि विवरणपत्रे चुकत नाहीत. करखाते त्याला व्यावसायिक मानते, परदेशी वरिष्ठ त्याला नोकर म्हणून वागवितो आणि घरकर्जासाठी बँकेत गेला की तेथे पगारपत्रक मागतात!

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. कंत्राटदाराचे नाव पुष्कळदा कामगारालाच हवे असते. अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांत, रोखीचा व्यवहार नगण्य असेल तर पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या प्राप्तीवर निम्मी रक्कमच उत्पन्न धरण्याची सवलत आहे. नोकरदाराला ती नाही. आज वाचणाऱ्या कराच्या बदल्यात उद्याची सुरक्षितता विकली जाते, आणि तिशीच्या आत हा सौदा नेहमीच स्वस्त वाटतो. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वद रुपयांची पातळी ओलांडल्यावर तर तो अधिकच स्वस्त वाटला असेल.

परंतु डॉलर देणाऱ्या देशातील वारेही पाहावयास हवेत. २०२२ पासून अमेरिकेत संशोधन आणि सॉफ्टवेअर विकासाचा खर्च करहिशेबात एकदम वजा करता येईनासा झाला. देशातील खर्च पाच वर्षांत, परदेशातील पंधरा वर्षांत विभागावा लागे. जुलै २०२५ च्या कायद्याने देशांतर्गत खर्चाला जुनी सवलत परत मिळाली. परदेशी खर्चाला पंधरा वर्षेच राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर परदेशी सेवांसाठी दिलेल्या रकमांवर पंचवीस टक्के कर बसविण्याचे विधेयक अमेरिकी सिनेटमध्ये मांडले गेले. अशा एखाद्या कलमाने साताऱ्यातील घराचे हप्ते थकू शकतात.

या जिल्ह्याला अशा प्रश्नाचा अनुभव नाही असे नाही. मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडीलाही एक मालक नव्हता. आज या गाळ्यात तर उद्या त्या. पाटण तालुक्यातून गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे उभी राहिली. मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरावयाची; निधी, उपदान, रजा, दवाखाना यांची तजवीज मंडळाने करावयाची. मालक अनेक असले तरी कामगाराचे खाते एकच, ही त्यातील कल्पना होती.

ही व्यवस्था जशीच्या तशी उचलता येणार नाही, कारण परदेशी मालकाकडून लेव्ही घेण्याचा अधिकार महाराष्ट्राच्या मंडळाला पोचत नाही. परंतु त्याची रक्कम येते ती भारतीय बँकेतून, आणि ती कशासाठी आली याचा संकेतांक बँक नोंदवितेच. कामगाराच्या संमतीने त्यातील ठरावीक हिस्सा तेथेच वेगळा काढून निधीत जमा करता येईल. सवलतीच्या करआकारणीचा लाभ हवा असेल तर ही वर्गणी आवश्यक करावी. म्हणजे आज कर वाचविण्यासाठी जे नाव घेतले जाते, तेच नाव उद्याच्या तरतुदीला बांधले जाईल. वर्गणीचा मालकी वाटा कोणी द्यावयाचा, हा वाद उरतोच. तो मालकाने द्यावा असा आग्रह एकेकट्या अभियंत्याने करार करताना धरला, तर तेच काम मनिलाकडे जाण्यास एक दिवसही लागणार नाही. त्यासाठी हा विषय व्यापारी करारांच्या वाटाघाटीत भारत सरकारनेच मांडावा लागेल, आणि तेथे आजवर चर्चा झाली आहे ती प्रामुख्याने व्हिसांची.