नऊ नंबरचा नवस

ट्रान्सफर विंडो उघडली की फातोर्ड्याच्या ईस्ट स्टँडमधल्या चाहत्याचं मागणं ठरलेलं असतं: एक दणदणीत फॉरेनर नऊ नंबर आणा, मग बघा. मिडफिल्ड चांगलं आहे, बचाव चालून जाईल, कोचही बरा आहे. अडलंय ते फक्त गोल मारणाऱ्यापाशी. एफसी गोवा हरली तरी निदान हाच, आणि जिंकून दुसरी आली तरी हाच. अंधेरीच्या स्टेडियममध्ये मुंबई सिटीच्या पाठीराख्यांत बसलं तरी शब्द थोडे बदलतात, मागणी तीच राहते.

हे मागणं उगाच आलेलं नाही. गोव्याच्या फुटबॉलला परदेशी स्ट्रायकरची चटक आयएसएलच्या आधीपासूनची आहे. २०११-१२ च्या आय-लीगमध्ये नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सने डेंपोसाठी ३२ गोल केले आणि डेंपोने आपलं पाचवं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. चर्चिल ब्रदर्सकडे ओडाफा ओकोली होता. २००८-०९ साली त्याचे २६ गोल झाले आणि चर्चिलने लीग जिंकली. पुढे एफसी गोवात आला फेरान कोरोमिनास, म्हणजे सगळ्यांचा कोरो. आयएसएलच्या ५७ सामन्यांत ४८ गोल. ज्याने तीन वर्षं हे डोळ्यांनी पाहिलं, त्याने पुढच्या प्रत्येक नऊ नंबरमध्ये कोरो शोधावा, यात नवल काही नाही.

पण आठवण निवडक असते. रँटीने त्याआधीच्या, म्हणजे २०१०-११ च्या, हंगामातही ३० गोल केले होते. त्या वर्षीची लीग गेली वास्कोच्या साळगावकरकडे. ओडाफाने २००९-१० मध्ये सर्वाधिक गोल केले तेव्हा तो चर्चिलचा होता आणि विजेता होता डेंपो. ३२ गोलांचं वर्ष लक्षात राहिलं, ३० गोलांचं विसरलं.

आयएसएलचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत लीगचे ११ हंगाम झाले. गोल्डन बूट मिळवणारा खेळाडू ज्या संघात होता, त्याच संघाने चषक उचलला असं त्यांत दोनदाच घडलं: २०१५ मध्ये मेंडोझाच्या १३ गोलांसह चेन्नईयिनने आणि २०२१-२२ मध्ये ओगबेचेच्या १८ गोलांसह हैदराबादने. बाकी नऊ वेळा बूट एकीकडे गेला आणि चषक दुसरीकडे. कोरोने २०१७-१८ ला १८ आणि २०१८-१९ ला १६ गोल करून लागोपाठ दोन बूट मिळवले. त्यातल्या पहिल्या वर्षी गोवा उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून हरली. दुसऱ्या वर्षी मुंबईत गोव्याशी झालेल्या अंतिम सामन्यात जादा वेळेत कॉर्नरवरून हेडर मारून बेंगळुरूला जिंकून दिलं ते राहुल भेकेने. तो मुंबईकर, आणि खेळतो बचावात.

यावर चाहत्याचं उत्तर तयार असतं: बाद फेरीत नशीब चालतं, खरी कसोटी लीगच्या तक्त्यात. मान्य. मग तक्ताच पाहू. साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला शील्ड द्यायला सुरुवात झाली २०१९-२० मध्ये, आणि पहिली शील्ड गोव्यानेच घेतली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंतच्या सहा हंगामांत शील्ड गोवा, मुंबई, जमशेदपूर, पुन्हा मुंबई आणि मग दोनदा मोहन बागान अशी फिरली. या सहांपैकी एकाही वर्षी गोल्डन बूट शील्डवाल्या संघात नव्हता. २०२४-२५ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडच्या अलादीन अजाराईने २३ गोल करून लीगचा विक्रम मोडला. संघाचे जवळपास निम्मे गोल त्याच्या एकट्याच्या नावावर होते. नॉर्थईस्ट चौथी आली आणि शिलाँगला जमशेदपूरविरुद्ध ०-२ हरून घरी गेली. त्याला अडवलं की नॉर्थईस्ट अडते, हे तोवर सगळ्या लीगला कळून चुकलं होतं.

याच्या उलट चित्र २०२२-२३ च्या मुंबई सिटीचं. साखळीच्या २० सामन्यांत ५४ गोल करून, १८ सामने न हरता, शील्ड. परेरा दियाझ ११ वर, लालियानझुआला छांगते १० वर, बिपिन सिंग आणि ग्रेग स्ट्युअर्ट प्रत्येकी ७ वर. यांतला खराखुरा नऊ नंबर एकटा दियाझ. बाकीचे विंगवरचे नाहीतर त्याच्या मागे खेळणारे. बचाव करणाऱ्याने कुणावर डोळा ठेवायचा?

सगळ्यात चांगला पुरावा मात्र २०२० चा आहे, आणि गोव्याच्या चाहत्याला तो सर्वांत जास्त झोंबतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला मोठा हिस्सा घेतला आणि पुढच्या उन्हाळ्यात पैशाची थैली घेऊन माणसं थेट गोव्यात उतरली. त्यांनी उचललं कुणाला? आधी कोच सर्जिओ लोबेराला, ज्याला गोव्याने जानेवारीच्या अखेरीस काढून टाकलं होतं. मग ह्युगो बुमूसला, ज्याने नुकत्याच संपलेल्या हंगामात ११ गोल करून १० गोलांसाठी पास दिले होते. मिडफिल्डचा कणा अहमद जाहू, बचावातला मुर्तदा फॉल, आणि डावा बॅक मंदार राव देसाई, गोव्याचाच माणूस आणि गोव्याचाच कप्तान. कोरोला मात्र त्यांनी घेतलं नाही. ४८ गोलांचा माणूस मोकळा असताना मुंबईने त्याच्याभोवतीची माणसं नेली.

गोव्याने काय केलं? तेच, जे चाहत्याला हवं होतं. पोलंडमधून इगोर अंगुलो आणला. अंगुलोही कामाचा निघाला: १४ गोल, गोल्डन बूट. म्हणजे नवस पावला. तरीही २० सामन्यांत गोव्याचे ७ विजय आणि १० बरोबरी, मिळून ३१ गुण, मुंबईचे ४०. उपांत्य फेरीत दोघे समोरासमोर आले, दोन्ही लढती मिळून २-२ राहिल्या आणि पेनल्टींवर मुंबई ६-५ जिंकली. ज्या फातोर्ड्यात ही माणसं गोव्याच्या नारिंगी जर्सीत खेळली, तिथेच अंतिम सामन्यात मोहन बागानला २-१ हरवून त्यांनी मुंबईसाठी चषक घेतला. मुंबईच्या दोन गोलांपैकी पहिला बागानच्या बचावपटूचा स्वयंगोल, दुसरा ९० व्या मिनिटाला बिपिनचा.

इथे विरुद्ध बाजूचंही खरं तेवढं सांगायला हवं. बिपिनच्या त्या गोलाआधी गोलरक्षकाच्या पायातून चेंडू हिसकावला आणि बिपिनकडे सरकवला तो ओगबेचेने, म्हणजे नऊ नंबरनेच. त्या मुंबईत ॲडम ल फाँड्रेचे ११ आणि ओगबेचेचे ८ गोलही होते. २०२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईने सॉल्ट लेकवर बागानला ३-१ हरवलं, तेव्हा तीनपैकी दोन गोल दियाझ आणि व्होयटुश या परदेशी आघाडीवीरांचे. तेव्हा स्ट्रायकर नकोच, असं म्हणणारा मूर्खच. वाद एवढाच आहे की मर्यादित पैसा आणि मर्यादित जागा असताना पहिला रुपया कुठे टाकायचा.

चाहता आणखी एक पत्ता टाकतो: अंगुलो गेला आणि पुढच्या वर्षी गोवा नवव्या क्रमांकावर घसरली, मग? घसरली, खरंच. पण त्या हंगामात, डिसेंबर २०२१ मध्ये, कोच हुआन फेरांडो स्पर्धा चालू असताना संघ सोडून मोहन बागानकडे गेला. आणि अंगुलो गेला कुठे? मुंबईत. गोल्डन बूटवाला मिळूनही गतविजेते पाचवे आले, बाद फेरीच्या बाहेर. कारण मुंबईचाही कोच त्या वर्षी बदलला होता, लोबेरा गेला होता. एकाच वर्षात दोन संघ घसरले. एकाने नऊ नंबर गमावला, दुसऱ्याने तोच कमावला. दोघांत समान गोष्ट एकच होती.

जागेचं गणित तर चाहता बहुतेक वेळा धरतच नाही. लीग सुरू झाली तेव्हा मैदानात एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. २०१७ पासून पाच झाले, २०२१-२२ पासून चारच. सहांतला एक आणि चारांतला एक यांची किंमत सारखी नसते. आज नऊ नंबरला परदेशी घेतला की बचावाच्या मध्यावर, मिडफिल्डच्या तळाशी आणि चेंडू फिरवणाऱ्या दहा नंबरच्या जागी मिळून तीनच उरतात. मिडफिल्डमधून चेंडूच आला नाही तर पुढे उभा असलेला महागडा माणूस नव्वद मिनिटं हात हलवत राहतो. गोव्याच्या चाहत्याला हे दृश्य नवं नाही.

आणि गोव्याने चषक जिंकले ते कुणाच्या पायांनी? २०२१ चा ड्युरँड चषक कोलकात्यात मोहमेडनविरुद्ध आला तो एदू बेदियाच्या फ्रीकिकवर, जादा वेळेत, बेदिया मिडफिल्डर. मे २०२५ च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० लोळवलं, त्यात बोर्हा हेरेराचे दोन आणि देयान द्राझिचचा एक. दोघांतला एकही नऊ नंबर नाही. २०१९ चा सुपर कप मात्र कोरोने आणि ब्रँडन फर्नांडिसने मिळून आणला, म्हणजे एक बाहेरचा आणि एक मडगावच्या मैदानांवरचा. हे मिश्रण चाहत्याला आवडायला हरकत नसावी.

मग नऊ नंबरवर कोण? या प्रश्नाचं उत्तर एप्रिल २०२५ मध्ये फातोर्ड्यातच मिळालं, आणि गोव्याच्या विरोधात मिळालं. उपांत्य फेरीच्या दुसऱ्या लढतीत गोव्याने पहिल्या लढतीतली ०-२ ची पिछाडी भरून काढली होती, सामना जादा वेळेकडे चालला होता, आणि भरपाईच्या मिनिटांत बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने हेडर मारला. वय ४०. त्या हंगामात त्याचे १४ गोल झाले, कुठल्याही भारतीयापेक्षा जास्त. चाहता म्हणतो ते खरंच आहे, सामना नऊ नंबरनेच फिरवला. मात्र तो बेंगळुरूने परदेशी जागा खर्च न करता ठेवलेला नऊ नंबर होता. त्याच्यामुळे चारही परदेशी जागा इतरांना मोकळ्या राहत, आणि हा फायदा बेंगळुरूने कित्येक हंगाम घेतला.

भारतात असे किती आहेत? जवळपास नाहीत, आणि त्याला क्लबच जबाबदार आहेत. दहा-बारा वर्षं जवळपास प्रत्येक कोचने मधला माणूस बाहेरून आणला आणि गोल करू शकणाऱ्या भारतीय पोराला विंगवर सारलं. छांगते, बिपिन, विक्रम प्रताप, लिस्टन कुलासो, सगळे कडेचे. याची फळं राष्ट्रीय संघाने खाल्ली. १४ ऑक्टोबर २०२५ ला याच फातोर्ड्यात कोच खालिद जमील यांचा भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाहेर पडला. भारताचा एकमेव गोल छांगतेचा होता.

त्यानंतर आठच दिवसांनी त्याच मैदानावर सौदीचा अल नस्र एएफसी चॅम्पियन्स लीग टूमध्ये गोव्याविरुद्ध खेळायला आला. रोनाल्डो आलाच नाही, आणि त्याच्यासाठी तिकीट काढलेल्यांचा हिरमोड झाला. गोवा १-२ हरली. गोव्याचा गोल मारला ब्रायसन फर्नांडिसने, मडगावच्या बाजूच्या पोराने, जो २०२४-२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला होता.

यावर शेवटची हरकत येते: ब्रायसन नऊ नंबर नाही, तोही कडेनेच खेळतो. बरोबर. पण २०२५-२६ चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही, प्रक्षेपणाचे आणि व्यावसायिक हक्कांचे करार लोंबकळले, आणि भारी पगाराचा परदेशी स्ट्रायकर आणण्याची ऐपत एकेका क्लबची कमी होत चालली. अशा वेळी चाहत्याने क्लबच्या मालकांना विचारायचं ते वेगळं आहे. कोचशी करार किती वर्षांचा? दहा नंबरच्या जागी कोण? आणि आपल्या ज्युनियर संघातला जो मुलगा गोल मारतो, त्याला ड्युरँड आणि सुपर कपचे सामने कडेला काढायचे की मध्ये उभं करायचं? २०२१ चा ड्युरँड जिंकताना गोव्याने तरुण पोरांवर भरवसा ठेवला होता. तेव्हा कुणी नऊ नंबर मागितल्याचं ऐकिवात नाही.