टोला कापू नका

अमरावतीतल्या एका छोट्या स्टुडिओत गेल्या वर्षी एका भजन मंडळाचं रेकॉर्डिंग झालं. मिक्सिंगला मी बसलो होतो. पडद्यावर खंजिरीची लहर दिसत होती. बोट चामड्यावर पडताच सरळ उभी उसळी, मागून चकत्यांची उतरती किणकिण, मग जराशी मोकळी जागा आणि पुन्हा उसळी. मंडळाच्या प्रमुखांनी ऐकलं आणि म्हणाले, "चांगलं झालं भाऊ, पण दुसऱ्या गान्याईपुढं आवाज दबते. वाढवा ना जरा." मी लिमिटर, म्हणजे उंच टोकं दाबणारं साधन, लावून सगळं गाणं आठ डेसिबल वर रेटलं. लहरीतले चढउतार गेले, विटेसारखा सपाट पट्टा उरला. गाणं मोठं झालं, पण खंजिरी पत्र्यासारखी वाजू लागली.

अकोला-अमरावतीत तयार होणारी कितीतरी गाणी आज अशीच विटा होऊन बाहेर पडतात. ही रीत चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे. तिच्या बाजूनं बोलणारे माझेच सोबती आहेत, म्हणून आधी त्यांचं म्हणणं मांडतो.

ते म्हणतात, आपलं गाणं बंद खोलीत कोण ऐकतो? ते ऑटोत वाजतं, ट्रॅक्टरवर वाजतं, राजकमल चौकाच्या गर्दीत वाजतं. तिथं हळू जागा बुडतात. दुसरं म्हणणं असं की, शेजारचं गाणं जोरात असेल तर आपलं फिकं पडतं आणि ऐकणारा पुढं सरकतो. तिसरा मुद्दा मातीचा. पोळ्याची डफडी, श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघालेल्या कावडी, त्यांच्यापुढचे ढोल! वऱ्हाडाचं संगीतच दणदणीत, मग गाणं मोठं केलं तर बिघडलं कुठं?

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. ऑटोच्या इंजिनापुढं गायकाचा हळू शब्द हरवतो. म्हणून तो शब्द मी हातानं उचलतो, कॉम्प्रेसरही रोज वापरतो. पण शब्द उचलणं वेगळं आणि टोला कापणं वेगळं. डिजिटल आवाजाला वर पक्कं छत असतं. गाणं त्या छताच्या दिशेनं रेटत गेलं की सगळ्यात उंच टोकं आधी छाटली जातात. खंजिरीच्या टोल्याचं तोंड काही मिलिसेकंदांचं असतं, आणि खंजिरीची ओळख नेमकी त्याच तोंडात असते. ते छाटलं की उरते नुसती खळखळ. ऐकणाऱ्याला आवाज कमी वाटला तर तो बटण फिरवून वाढवेल. कापलेला टोला मात्र कुठल्याच बटणानं परत येत नाही.

कॅसेटच्या काळात हळू आवाज फितीच्या सरसरीत बुडायचा. 1982 साली सीडी बाजारात आली आणि सुमारे 96 डेसिबलचा पल्ला हाती आला. एवढं मोठं अंगण मिळालं, आणि जगभरच्या कंपन्या वरच्या ओट्यावर दाटी करून बसल्या. 2008 साली मेटॅलिका या रॉक बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम आला तेव्हा त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' या खेळातली आवृत्ती जास्त मोकळी असल्याचं चाहत्यांनीच ओळखलं, आणि अल्बमचं मिक्सिंग पुन्हा करा म्हणून सह्यांची मोहीम काढली. सामान्य श्रोत्याला फरक कळत नाही, हे म्हणणं त्याच दिवशी खोटं ठरलं.

आता दुसरा, शेजारच्या गाण्याशी शर्यतीचा मुद्दा. यूट्यूब जोरकस गाण्यांचा आवाज स्वतःच साधारण उणे 14 एलयूएफएसपर्यंत (एलयूएफएस म्हणजे कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) खाली आणतं. तुम्ही उणे 8 वर रेटलेलं गाणं तिथं सहा डेसिबलनं उतरवलं जातं. मोठेपणा तिथंच काढून घेतला जातो, छाटलेली टोकं मात्र छाटलेलीच राहतात. शिवाय आपला कानही फसतो. आवाज वाढला की खर्ज आणि झणक जास्त भरून ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवून दिलं. म्हणून मोठं ते चांगलं वाटतं. खरी पारख करायची तर दोन्ही आवृत्त्या एका पातळीवर आणून ऐकाव्या लागतात. मी त्या प्रमुखांना तशाच ऐकवल्या, कोणती कोणती ते न सांगता. त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं आणि मोकळ्या आवृत्तीवर बोट ठेवलं. म्हणाले, "याच्यात बोट ऐकू येते."

राहिला मातीचा मुद्दा. पोळ्यात तोरणाखाली उभं राहून पाहा. बैलजोड्या सजून उभ्या असतात, डफडी घुमत असतात. एकजण हात वर करतो आणि वाजंत्री थांबते. त्या शांततेत तो एकट्याच्या आवाजात झडती, म्हणजे पोळ्याचं पारंपरिक कवन, म्हणतो. झडती संपते, महादेवाचा गजर उठतो आणि डफडी पुन्हा कोसळतात. अंगावर काटा येतो तो त्या क्षणी, कारण त्याआधी डफडी थांबलेली असतात. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांची गझल आष्टगावच्या भीमराव पांचाळ्यांच्या तोंडून ऐका. पहिल्या ओळीनंतर ते श्रोत्याला वाट पाहायला लावतात, म्हणून दुसरी ओळ काळजात जाते. आणि मोझरी? तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंजात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन होतो. महाराजांनी 11 ऑक्टोबर 1968 रोजी देह ठेवला ती ही वेळ. ज्यांच्या खंजिरीनं गावंच्या गावं जागी केली, त्यांना वऱ्हाड मौनानं वंदन करतं. गर्दीला शांतता पेलत नाही, असं या भूमीत तरी कुणी म्हणू नये.

म्हणून स्टुडिओतल्या सोबत्यांना माझं सांगणं आहे. शब्द उचला, गोंगाट आवरा, पण टोल्याचं तोंड आणि दोन टोल्यांमधली जागा राखा. गिऱ्हाईक आवाज वाढवा म्हणालं तर त्याला दोन्ही आवृत्त्या एका पातळीवर ऐकवा, मग निर्णय त्याचा. ते भजन आम्ही मोकळंच बाहेर काढलं. मोबाईलवर लावलं तर आवाज एक घर वाढवावा लागतो. तेवढा वाढवला की चामड्यावर पडलेलं बोट स्वच्छ ऐकू येतं.